ड्राइव्ह-इनची आठवण आणि जमिनीचा भाव

‘जुनी मुंबई’ किंवा ‘नव्वदीतलं बालपण’ असलं एखादं रील चुकून जरी लाइक केलंत, की पुढचे चार दिवस फीडमध्ये दुसरं काही दिसत नाही. प्रीमियर पद्मिनी, डबलडेकर, कॅसेटच्या भोकात घातलेली पेन्सिल. त्यातच अधूनमधून एक दृश्य येतं. संध्याकाळ उतरलेली, समोर अवाढव्य पांढरा पडदा, त्याच्यापुढे रांगेनं उभ्या गाड्या आणि बॉनेटवर पाय सोडून बसलेली पोरं. खाली कॉमेंट्स : ‘मिस दोज डेज यार’. लिहिणाऱ्याचं प्रोफाइल उघडा, वय वर्षं एकवीस!

जे दिवस पाहिलेच नाहीत ते मिस कसे करायचे? तर त्यालाही एक शब्द आहे. जॉन कोनिग नावाच्या अमेरिकन लेखकानं न जगलेल्या काळाबद्दल वाटणाऱ्या हुरहुरीला ‘ॲनिमोया’ असं नाव दिलं. शब्द त्यानं स्वतःच बनवलेला, पण नेटवर तो इतका चालला की आता कित्येकांना तो जुनाच वाटतो.

या हुरहुरीची टिंगल करणं सोपं आहे. पण तिच्यावर सध्या चांगला धंदा चालतो हे लक्षात घ्या. २०२४ मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरात लागला आणि त्यानं पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावलं. २०२५ मध्ये ‘सनम तेरी कसम’चंही तेच झालं. आणि ड्राइव्ह-इन म्हणाल तर तेही मुंबईत परत आलं. पण त्याच्याकडे वळण्याआधी जुनं ड्राइव्ह-इन काय होतं आणि ते गेलं कुठे, हे बघायला हवं. ती गोष्ट सिनेमापेक्षा जागेची जास्त आहे.

घरात पन्नाशी-साठीतलं कुणी मुंबईकर असेल तर त्यांच्यापुढे ‘बांद्र्याचं ड्राइव्ह-इन’ एवढेच शब्द टाका आणि गप्प बसा. वांद्रे-कुर्ला भागातलं हे थिएटर १९७७च्या सुमारास सुरू झालं आणि २००३च्या आसपास बंद पडलं. त्यामुळे आज तिशीच्या आत असलेल्या कुणालाही ते आठवण्याचा फारसा प्रश्नच नाही. आधीच्या पिढीला मात्र बरंच काही आठवतं. एका फियाटमध्ये सात माणसं कशी कोंबली होती, मच्छर किती होते, घरून नेलेला डबा कुणी आधीच संपवला. माझ्या मावशीला तिथे खाल्लेला ऑम्लेट-पाव आजही आठवतो, पण सिनेमा कुठला होता ते अजिबात आठवत नाही. ‘अमिताभ होता बहुतेक,’ म्हणते. (त्या काळात हे उत्तर सहसा चुकत नाही!)

या आठवणींमध्ये सिनेमा जवळपास नसतोच. असतात ती माणसं. ज्यांना जिने चढवत नव्हते ती आजी गाडीत आरामात बसून होती. रडणाऱ्या बाळाला घेऊन कुणाला बाहेर जावं लागलं नाही. मोठ्यानं बोललं तरी मागच्या रांगेतून कुणी ‘शुक’ केलं नाही. एखाद्या ट्रिपबद्दल किंवा अंगणात घातलेल्या गाद्यांबद्दल बोलावं तसं लोक या थिएटरबद्दल बोलतात.

गंमत म्हणजे ड्राइव्ह-इनचा जन्मही याच कारणासाठी झाला. अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे रिचर्ड हॉलिंग्सहेड. त्यांच्या आई अंगानं स्थूल होत्या, थिएटरच्या अरुंद खुर्चीत त्यांना बसवत नसे, त्यातून ही कल्पना निघाली असं सांगतात. गोष्ट खरी-खोटी काहीही असो, हॉलिंग्सहेड यांचे प्रयोग मात्र खरेखुरे होते. घराच्या आवारात झाडांना पडदा बांधला, गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, पडद्यामागे रेडिओ लावला. पाऊस आला तर काय, हे बघायला बागेला पाणी मारायचा फवारा गाडीवर सोडला. पुढच्या गाडीमुळे मागच्याला पडदा दिसत नाही म्हटल्यावर चाकांखाली ठोकळे लावून गाडीचं नाक वर केलं. हीच पुढे ड्राइव्ह-इनची उतरती-चढती जमीन झाली. १९३३च्या मे महिन्यात पेटंट मिळालं आणि ६ जूनला कॅमडेनजवळ पहिलं ड्राइव्ह-इन उघडलं. गाडीचे २५ सेंट, माणशी २५ सेंट, आणि कितीही जण असलात तरी एक डॉलरच्या वर नाही. गर्दी करून येणाऱ्या कुटुंबाला यापेक्षा काय हवं?

सुरुवातीला एक लोचा होता. आवाज पडद्याजवळच्या मोठ्या स्पीकरमधून यायचा. मागच्या गाड्यांपर्यंत तो उशिरा पोहोचायचा आणि आजूबाजूला राहणाऱ्यांच्या घरात मात्र वेळेवर! त्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. चाळीसच्या दशकात आरसीए कंपनीनं गाडीच्या काचेला लटकवायचा छोटा स्पीकर आणला तेव्हा कुठे शांतता झाली. प्रत्येक गाडीशेजारी एक खांब, त्यावर स्पीकर, आवाज कमी-जास्त करायचं बटण आपल्या हातात. सिनेमा संपल्यावर स्पीकर काढायला विसरून तसेच गाडी घेऊन निघणारे महाभाग सगळीकडे होते. नंतर आवाज थेट गाडीतल्या रेडिओवर येऊ लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घराघरात गाडी आली, मुलांची संख्या वाढली आणि १९५८च्या सुमारास ड्राइव्ह-इनची संख्या चार हजारांच्या वर गेली. आपल्या डोक्यात जे चित्र आहे ते बहुतेक याच काळाचं. त्यातही बरंचसं ‘ग्रीस’ या सिनेमातून आलेलं. जॉन ट्रॅव्होल्टा आणि ऑलिव्हिया न्यूटन-जॉन ड्राइव्ह-इनमध्ये येतात तो सीन रील्समध्ये अजून फिरतो. पण ‘ग्रीस’ आला १९७८ मध्ये आणि तो होता पन्नाशीच्या दशकाबद्दल. तोही गेलेल्या काळाच्या आठवणी काढणाराच सिनेमा. म्हणजे आपण आज ज्याची आठवण काढतोय ती मुळातच दुसऱ्या कुणीतरी काढून ठेवलेली आठवण आहे. त्या सुमारास अमेरिकेतली ड्राइव्ह-इन्स एकामागून एक बंद पडायला लागली होती.

ती का बंद पडली, याची नेहमीची उत्तरं तुम्हालाही माहीत असतील. टीव्ही आला, मग व्हिडिओ आला. सत्तरच्या दशकात पेट्रोल महागलं, गाड्या लहान झाल्या. १९६७ पासून बहुतेक अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायचा नियम लागू झाला आणि अंधार पडायलाच नऊ वाजायला लागले. मग मुलांना घेऊन कोण जाणार? अगदी अलीकडे, २०१३च्या आसपास, फिल्मची रिळं जाऊन सगळं डिजिटल झालं आणि महागडा प्रोजेक्टर परवडेना म्हणून उरलेल्यांपैकी काहींनी हात टेकले. आज तिथे तीनशेच्या आसपास शिल्लक आहेत.

सगळी कारणं खरी आहेत. पण त्यांच्या मुळाशी असलेलं कारण समजायला साधा हिशेब करून बघा. पाचशे गाड्यांच्या ड्राइव्ह-इनला साधारण दहा ते पंधरा एकर जमीन लागते. गाडीत सरासरी तीन माणसं धरली तर दीड हजार प्रेक्षक. शो अंधार पडल्यावरच, म्हणजे रात्री एक, फार तर दोन. पावसाळ्यात चार महिने देवाच्या भरवशावर. एवढेच दीड हजार लोक मल्टिप्लेक्सवाला त्याच्या काही अंशाच्या जागेत बसवतो, सकाळी नऊपासून पाच शो लावतो आणि बाहेर धो-धो पाऊस असेल तर पॉपकॉर्न जास्त विकतो. म्हणजे ड्राइव्ह-इन चालायचं तर जमीन जवळपास फुकट हवी. गावाबाहेरची, पडीक, पाणथळ, सध्या कुणालाच नको असलेली.

आणि ‘सध्या’ हा शब्द महत्त्वाचा. गाव वाढत वाढत जवळ येतं, जमिनीला भाव येतो आणि पडद्यापेक्षा पडद्याखालची माती महाग होते. हे ज्यांना लवकर कळलं त्यांनी काय केलं बघा. मायकल रेडस्टोन यांनी १९३८ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ‘सनराइज’ नावाचं ड्राइव्ह-इन काढलं. पुढे आणखी काढली. त्यांचे चिरंजीव सम्नर रेडस्टोन यांचा आग्रह असायचा की थिएटरखालची जमीन भाड्यानं घ्यायची नाही, आपल्या मालकीची हवी. शहर पसरलं तशी ड्राइव्ह-इन्स पाडून त्याच जमिनींवर मल्टिप्लेक्स उभी राहिली. त्या कंपनीचं नाव नॅशनल अम्यूझमेंट्स. तिनं १९८७ मध्ये व्हायकॉम ताब्यात घेतली, म्हणजे एमटीव्ही आलं. नंतर पॅरामाउंट आलं. २०२५ मध्ये स्कायडान्सनं हा सगळा पसारा घेतला तेव्हाही वरची मालक कंपनी तीच होती, एकेकाळी ड्राइव्ह-इन चालवणारी. हॉलिवूडमधल्या इतक्या मोठ्या साम्राज्याचा पाया शेताच्या कडेला उभ्या केलेल्या एका पडद्याखाली सापडतो, हे मला तरी ‘ग्रीस’पेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

आता बांद्र्याला परत येऊ. आज ज्याला आपण बीकेसी म्हणतो, तिथे मिठी नदी आणि वाकोला नाल्याच्या काठची सखल दलदल होती. एमएमआरडीएला या भागाचं विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमलं गेलं ते १९७७ मध्ये. ड्राइव्ह-इन सुरू झालं तेही त्याच सुमारास. म्हणजे मावशी गाडीत बसून अमिताभ बघत होती, तेव्हा आजूबाजूच्या सुमारे ३७० हेक्टरवर काय उभं राहणार याची आखणी कागदावर चालू होती. मधली वीस-पंचवीस वर्षं ती जागा शहरात होती आणि नव्हतीही. त्या अवस्थेत एक ड्राइव्ह-इन बसून गेलं. मग हिरे बाजार आला, बँका आल्या, शेअर बाजार आला, वकिलाती आल्या. देशातल्या सर्वात महाग जमिनींमध्ये बीकेसीची गणना व्हायला लागल्यावर तिथे रात्री एकदा सिनेमा दाखवून भागणार नव्हतं. तेव्हा कुणी त्याविरुद्ध मोर्चा काढला नाही, आणि काढला असता तरी काय म्हणून? ते कुणाचं मैदान नव्हतं. खासगी धंदा होता, बंद झाला.

मग २०२० आलं. थिएटरांना टाळं लागलं आणि जगभर लोकांना एकदम आठवलं, अरे, गाडीत बसून सिनेमा बघता येतो की! अमेरिकेत वॉलमार्टनं आपल्या १६० दुकानांच्या पार्किंगमध्ये ड्राइव्ह-इन भरवलं. जर्मनीत, कोरियात पडदे उभे राहिले. आपल्याकडे ५ नोव्हेंबर २०२१ रोजी, ‘सूर्यवंशी’ लावून, बीकेसीतच जिओ ड्राइव्ह-इन सुरू झालं. जागा २९० गाड्यांची. कुठे? मॉलच्या गच्चीवर. जमिनीच्या भावाबद्दल वर जे लिहिलंय त्याचं एका ओळीतलं उत्तर म्हणजे ही गच्ची. जमिनीवर आता ड्राइव्ह-इन परवडत नाही. ते मॉलच्या डोक्यावर बसवावं लागतं, खालची दुकानं त्याचा भार उचलतात आणि गाडी रॅम्पवरून वर जाते. अनुभव मस्तच असणार, त्यात शंका नाही. पण जुन्या पिढीच्या आठवणीतली कोंबाकोंबी, घरचा डबा, ‘चला रे, सगळेच चला’ हा भाव तिथे मिळेल का? मॉलच्या अर्थशास्त्रात तो बसणं अवघड आहे.

बरं, आठवणीतलं ड्राइव्ह-इनही सगळ्यांचं नव्हतंच. २०११च्या जनगणनेनुसार देशातल्या पाच टक्क्यांहून कमी घरांकडे चारचाकी होती. मग १९७७ मध्ये किती घरांकडे असेल याचा अंदाज तुम्हीच करा. फियाटमध्ये सात माणसं कोंबली जायची त्यामागे हेही कारण होतं. अख्ख्या नात्यात गाडी एकच!

उरलेल्या महाराष्ट्राचं ‘ओपन एअर’ वेगळं होतं. जत्रेत टुरिंग टॉकीज यायची. ट्रकमधून प्रोजेक्टर, तंबू, लाउडस्पीकर. आणि खाली जमिनीवर बसलेलं गाव. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांची ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ ही २०१६ची डॉक्युमेंटरी याच फिरत्या थिएटरांवर आहे. ती कानला गेली होती. मिळाली तर जरूर बघा. ‘टुरिंग टॉकीज’ नावाचा मराठी सिनेमाही येऊन गेलाय.

आणि शहरात? शहरात गणपती होते. चाळीच्या किंवा वाड्याच्या तोंडाशी रस्त्यावर आडवा पांढरा पडदा बांधायचा, १६ एमएमचा प्रोजेक्टर टेबलावर, रीळ बदलताना मध्येच दिवे लागायचे. लवकर येणारे पडद्यासमोर सतरंजीवर आणि उशिरा येणारे पडद्याच्या मागे! मागच्यांना सगळं उलटं दिसायचं. नावं उलटी, हीरो डावखुरा. तरी लोक बसायचे, कारण तिकीट नव्हतं आणि घरी जाऊन करायचं काय होतं? तुमच्या आजोबांना ‘ड्राइव्ह-इन’ म्हणून काही आठवत नसेल तर ‘गणपतीतला पडद्यावरचा सिनेमा’ म्हणून विचारा. गाडीवाल्यांच्या आणि बिनगाडीवाल्यांच्या आठवणींमध्ये सामाईक काय आहे, ते लगेच कळेल. वर आभाळ, सोबत आपली माणसं, उठा-बसायची मोकळीक आणि खर्च अगदी कमी.

अहमदाबादमध्ये हे दोन्ही एकत्र झालं होतं. १९७३ मध्ये सुरू झालेलं तिथलं ‘सनसेट’ सहाशेहून जास्त गाड्यांचं. त्याच्यामुळे रस्त्याला आणि मग अख्ख्या भागालाच ‘ड्राइव्ह-इन रोड’ हे नाव पडलं. तिथे लोक गाडीतून येत, पण बसत मात्र गाडीबाहेर सतरंज्या पसरून, डबे उघडून. तुमचे नातेवाईक अहमदाबादला असतील तर त्यांच्याकडे याचे किस्से सापडतील. गाडी हे तिथे यायचं निमित्त. नंतर ती टेकायला उपयोगी पडायची, बस्स.

म्हणून मला वाटतं, रीलवरच्या त्या एकवीस वर्षांच्या पोराला जे मिस होतंय ते खरंच काहीतरी आहे. फक्त ते पद्मिनी गाडीत नाही. संध्याकाळी सात ते दहा, आठ-दहा मित्र, खिशात फार पैसे नाहीत. आजच्या मुंबई-पुण्यात कुठे बसाल? कॅफेत तासाभरानं वेटर घुटमळायला लागतो. सोसायटीच्या गच्चीला कुलूप. बागा लवकर बंद होतात. मैदानांवर लग्नं आणि प्रदर्शनं. कॉलेजचं आवार सुटीत बंद. गाडी हा तुमच्यापैकी अनेकांचा प्रश्नच नाही, आणि आता सिनेमाही नाही, तो तर हातातल्या मोबाइलवर आहे. नाहीये ती बसायची जागा.

आणि जागा असेल तर बाकीचं आता पूर्वीपेक्षा स्वस्तात होतं. गोव्यात इफ्फीच्या काळात पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर आणि आल्तिनोच्या जॉगर्स पार्कमध्ये खुल्यावर सिनेमे दाखवले गेलेत. तिथे चारचाकी नसलेला माणूसही बसू शकतो. चांगला डिजिटल प्रोजेक्टर दिवसाच्या भाड्यानं मिळतो, पडदा म्हणजे ताणून बांधलेलं कापड. तुमच्या मंडळाला किंवा कॉलेजच्या फिल्म क्लबला हे अशक्य नाही. फक्त दोन-तीन गोष्टी आधी बघून ठेवा. ओटीटीचं सबस्क्रिप्शन म्हणजे सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना नव्हे, त्यासाठी सिनेमाच्या हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते. शॉर्टफिल्म करणारे नवे दिग्दर्शक ती बहुधा आनंदानं देतात, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी. मैदान पालिकेचं असेल तर वॉर्ड ऑफिसचा अर्ज आणि पोलिसांची परवानगी या दोन्हींसाठी हाताशी वेळ ठेवा. आणि लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, यात चर्चा नाही. त्यावर वायरलेस हेडफोनचा उपाय काही जण करतात. शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळेच गाडीच्या काचेवर स्पीकर आला होता, तेच पुन्हा.

मच्छरांवर मात्र अजून कुणाला उपाय सापडलेला नाही. कासव छाप घेऊन जा.